पाणी चांगलंच होतं

माझा राग नाकावर असतो असं आमच्या चाळीत सगळे म्हणतात, आणि ते खोटं नाही. पाण्याच्या पाळीवरून, कॉरिडॉरमध्ये आडव्या लावलेल्या सायकलींवरून, दारातली चप्पल कुणी सरकवली म्हणूनसुद्धा मी भांडले आहे. पण त्या वर्षी गणपतीपासून दिवाळीपर्यंत मी कुणालाही वावगा शब्द बोलले नाही. चूक माझीच आहे अशी माझी खात्री झाली होती, आणि चूक आपली असली की माणूस आपोआप मवाळ होतो. त्या मवाळपणाची मला आज सगळ्यात जास्त चीड येते.

मी परळला एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. आलेल्या माणसाचं रक्त काढायचं, तपासायचं, आकडा लिहून मोकळं व्हायचं. तिथल्या रिसेप्शनच्या टेबलावर कुणाच्या तरी हौसेने एक काचेचा वाडगा येऊन बसला. तळाला रंगीत गोट्या आणि आत एकच फायटर मासा, मोरपिशी निळा, शेपटीच्या कडेला लाल झाक. उपाशीपोटी आलेले पेशंट नंबर लागेपर्यंत त्या काचेवर टिचक्या मारत बसायचे. तो चिडून कल्ले फुगवायचा, की लोक खूश. पाणी बदलायचं कुणाच्या लक्षात यायचं नाही. एकदा मी वाडग्यातलं पाणी सहज नळीत घेऊन वास घेतला आणि लघवीचे नमुने बरे असं म्हणायची वेळ आली.

मी त्याला घरी नेते म्हटल्यावर कुणी हरकत घेतली नाही. उलट वाडगा न्या, तेवढी टेबलावर जागा होईल, असंच सगळ्यांना वाटलं. पण मी वाडगा नेणार नव्हते. मोबाइलवर वाचून वाचून माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की या माशाला वाडगा म्हणजे छळ. दुकानात त्याला प्लॅस्टिकच्या ग्लासात ठेवतात आणि दोन ग्लासांच्या मध्ये पुठ्ठा लावतात, कारण एका नराला दुसरा नर दिसला की दोघे एकमेकांना फाडायला उठतात. एवढ्याशा ग्लासात जगतो म्हणून लोकांना वाटतं की त्याला तेवढंच लागतं. त्याला लागतं ते आपल्यालाही लागतं: हातपाय पसरायला जागा, स्वच्छ पाणी, लपायला कोपरा आणि उगाच कुणी डिवचू नये एवढी मेहेरबानी.

आता एवढी जागा आमच्याकडे तरी कुठे होती. नायगावातली आमची खोली एकच, त्यात एका बाजूला मोरी, एका बाजूला ओटा, मधे आईचा पलंग आणि मी खाली. चाळीच्या मागच्या बाजूला टॉवर उभे राहत होते, आपला नंबर कधी लागतो यावर सगळ्यांच्या गप्पा चालायच्या. लग्न मी केलं नाही, त्यामुळे घरात मी आणि आई दोघीच. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, ती काठी घेऊन दारापर्यंत जायची, तेवढीच. माझी ड्युटी कधी सकाळची, कधी संध्याकाळची. अशा घरात कुणीतरी भरवशाचं माणूस हाकेच्या अंतरावर लागतं, आणि ते आमच्या दारासमोरच होतं.

तो समोरच्या खोलीतला. माझ्याच वयाचा. मला भाऊ नाही, त्याला बहीण नाही, म्हणून दोघांच्या आयांनी आम्हाला कळायला लागायच्या आधीच राखी आणि भाऊबीज लावून टाकली. तेव्हापासून एकही वर्ष चुकलं नाही. तो एसी दुरुस्तीची कामं करतो, सगळ्या चाळीचे पंखे आणि मिक्सर त्याच्याच हाताखालून जातात. आमच्या खोलीची एक किल्ली त्याच्या दारामागच्या खिळ्याला कायम लटकलेली असायची. आई एकटी असताना आतून कडी लावत नसे, नुसतं लॅच ओढून घ्यायची. मी कामावर असताना तो दिवसातून एकदा तरी दार उघडून आत डोकावणार, आईला हवं नको विचारणार. दार वाजवायची पद्धत आमच्यात नव्हतीच. लहानपणी तो सरळ आत येऊन आमच्या डब्यातले लाडू खायचा, मोठा झाल्यावर विचारून खायला लागला, इतकाच फरक.

टाकीचं बोलल्यावर तो माझ्यापेक्षा जास्त पेटला. लालबागच्या काचवाल्याकडून बादलीभर पाणी मावेल अशी टाकी करून घेतली, तिच्यासाठी त्याने लोखंडी अँगलचं स्टँड जोडून आणलं आणि ते कपाटाच्या समोर भिंतीला घट्ट बसवलं. वर काचेचं झाकण, कारण हा मासा उडी मारतो. झाकणाखाली थोडी मोकळी हवा, कारण तो वर येऊन हवा पितो. पाणी फिरवायला स्पंजचा फिल्टर, तोही मंद, नाहीतर एवढी मोठी शेपटी घेऊन तो प्रवाहात फरपटत जातो. हिवाळ्यात पाणी गार पडू नये म्हणून छोटा हीटर, त्याच्यासाठी त्याने वेगळा पॉइंट काढून दिला. वायर भिंतीवरून इतकी नीट नेली की आईने त्याच्या कामाचं कौतुक केलं. आई कुणाचं कौतुक करत नाही.

प्लॅस्टिकची झाडं घ्यायची नाहीत हे मी वाचलं होतं. झाडावरून जुनी नायलॉनची ओढणी ओढायची, ती अडकली तर माशाची शेपटीही अडकणार. मी दुकानात खरोखर ओढणी घेऊन गेले आणि एकेक झाड तपासलं. दुकानदार मला वेडी समजला. शेवटी खरी झाडंच आणली. लपायला आईने खवलेल्या नारळाची करवंटी, कडा घासून गुळगुळीत करून, उकळून. पाण्याच्या वरच्या थराशी एक रुंद पान बसवलं, कारण या माशाला पानावर अंग टाकून पडायला आवडतं. ते पान मी काचेला चिकटवत होते तेव्हा आई पलंगावरून बघत होती.

"माशाक झोपूक गादी करतंस? माका मेलीक कधी इचारलंस गादी कसली व्हयी ती?"

आणि बदामाची पानं. चाळीच्या मागे बदामाचं जुनं झाड आहे, त्याची लाल-तपकिरी सुकी पानं झाडलोट करणाऱ्यांच्या डोक्याला ताप असतात. तीच पानं पाण्यात टाकली की पाणी चहासारखं होतं आणि या माशाला ते मानवतं. बाहेर लोक ती पाकिटातून विकत घेतात हे सांगितल्यावर समोरचा हसून हसून लोळला. पण दुसऱ्याच दिवशी पिशवीभर पानं घेऊन आला, किडकी बाजूला काढून, पुसून.

टाकी तयार झाली तरी मासा लगेच आणायचा नव्हता. पाण्यात घाण पचवणारे जंतू आधी वाढावे लागतात, त्याला काही आठवडे जातात. पिंपातलं शिळं पाणी भरून, चिमूटभर माशाचं खाणं टाकून मी रिकामी टाकी चालू ठेवली आणि लॅबमधल्या वाडग्याचं पाणी रोज स्वतः बदलत राहिले. चाळीतली माणसं येऊन काचेला नाक लावून मासा शोधायची. मासा नाहीच म्हटल्यावर एकमेकांकडे बघायची. मी रोज नळीत पाणी घेऊन त्यात तपासणीच्या औषधाचे थेंब टाकायचे. पिवळा रंग म्हणजे पाणी चांगलं, हिरवट म्हणजे विषारी. पहिल्यांदा सलग काही दिवस पिवळा आला, त्या दिवशी मी त्याला डब्यातून घरी आणला.

एकच अडचण निघाली. समोर लोखंडी कपाट, त्याला आरसा. मासा त्या आरशात स्वतःला बघायचा आणि दिवसभर कल्ले फुगवून भांडत बसायचा. मी आरशावर जुनी साडी टाकली. आईला केस विंचरायला आरसा लागतो, तिची कुरकुर चालू झाली. माशाला राग येतो म्हणून मी आंधळेपणाने वेणी घालू का, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायची. तरी साडी तिने काढली नाही. केस विंचरायचे असले की ती पदराखाली डोकं घालावं तशी साडीखाली शिरायची.

मासा हळूहळू रुळला. पानावर खरंच झोपायला लागला. मी कामावरून आले की सरळ पुढे यायचा, काचेवर बोट फिरवलं की बोटामागे फिरायचा, झाकण उघडून बोटाच्या टोकावर दाणा धरला तर उसळून घ्यायचा. लॅबमध्ये आकड्यांपलीकडे माझं कुणाशी फारसं काही नसतं. घरी आल्यावर कुणीतरी आपली वाट बघतंय असं मला कितीतरी वर्षांनी वाटत होतं.

मग गणपती आले. गावच्या घरी आमच्या वाट्याचं कुणीतरी हजर लागतं. दरवर्षी आई जायची, मी तिच्या मागून जाऊन तिच्या आधी परत यायचे. या वर्षी आईला प्रवास झेपणार नव्हता, म्हणून मी गेले. आईचं जेवण समोरच्याकडे, औषधं तो देणार, माशाला खाणंही तोच घालणार. मी त्याला सगळं समजावलं, दाणे किती, झाकण कसं. त्याने कानाला हात लावून ऐकल्याचं नाटक केलं. गावाहून रोज फोन करत होते. आई म्हणायची, मासा मजेत आहे, तू आरत्या म्हण.

गौरी-गणपती उरकून परत आले तेव्हा टाकीत मला माझा मासा दिसलाच नाही. तो करवंटीच्या मागे तळाला बसला होता. शेपटी निम्म्याने गेलेली, उरलेली चिरफाळलेली, बाजूच्या खवल्यांवर पांढरा ठिपका. मी काचेवर बोट ठेवलं. तो आणखी आत सरकला.

पिशव्या खाली न ठेवताच मी समोरच्या दारात गेले. त्याने मान खाली घातली, मग खांद्यावर हात ठेवला.

"झडतेय गं शेपटी त्याची. पाणी बिघडलंय वाटतं. एवढी पानं टाकायची नव्हतीस."

आई पलंगावर होती. ती काही बोलली नाही. मला वाटलं, माझ्यासाठी वाईट वाटतंय.

मी त्याच संध्याकाळी पाणी तपासलं. रंग पिवळा आला. पुन्हा तपासलं, पिवळाच. लॅबमध्ये एखाद्याचा रिपोर्ट चांगला आला आणि माणूस समोर आजारी दिसला तर आम्ही मशीनवर संशय घेतो. मी थेंबांच्या बाटलीवर संशय घेतला, नवी आणली. तीही पिवळाच दाखवत होती. तरी मी त्याचं ऐकलं. लहानपणापासून त्याने सांगितलेलं मी कधी खोटं मानलं नव्हतं, तेव्हाही मानलं नाही.

पानं काढून टाकली. पाणी रोज थोडं थोडं बदललं. करवंटीला घासून खवले गेले असतील म्हणून करवंटी फेकली. ओट्याच्या खाली टाकून ठेवलेली ती जुनी ओढणी काढून झाडांवरून पुन्हा फिरवली, कुठे अडकत नाही ना बघायला, आणि अडकत नव्हती तरी एक झाड उपटलं. स्पंज धुतला, नको तेवढा धुतला. एवढ्या प्रेमाने लावलेली टाकी मी एकेक करून उजाड केली. जी जी गोष्ट त्याच्या सुखासाठी ठेवली होती तिनेच त्याची ही दशा केली, असं माझ्या मनाने घेतलं होतं. लॅबमधल्या त्या घाणेरड्या वाडग्यात तो टिकला आणि माझ्या हातात येऊन सडायला लागला, हा विचार मला जेवताना, बसमध्ये, कुणाच्या शिरेत सुई घालताना यायचा. मी कुणाशी भांडायचीच बंद झाले. आपल्याला एक मासा सांभाळता येत नाही, आपण लोकांना काय अक्कल शिकवणार.

आणि या सगळ्यात समोरचा रोज मदतीला. पिंपातून बादल्या भरून दे, घाण पाणी मोरीत ओत, मी संध्याकाळच्या ड्युटीला असले की दाणे घाल. मी रडले तेव्हा तो म्हणाला, सगळ्यांकडून चुका होतात. हे वाक्य त्याने म्हटलं हे मला नक्की आठवतं, कारण मला त्याने फार बरं वाटलं होतं.

हळूहळू शेपटीला नवी कड फुटली. नवी शेपटी आधी काचेसारखी पारदर्शक येते, रंग नंतर भरतो. मी जीव टांगणीला लावून ती कड बघत बसायचे. पण मासा पुढे येत नव्हता. बोट फिरवलं तरी तो पानावरून हलायचा नाही. खाणं पाण्यात टाकलं आणि मी लांब गेले की मगच खायचा.

दिवाळीच्या आधी कॉरिडॉरमध्ये आम्ही बायका करंज्या करायला बसलो होतो. कोपऱ्यातल्या खोलीतल्या काकू करंज्या कातत होत्या. त्यांनी मान वर न करता मला विचारलं, मासा बरा आहे ना गं आता. मी म्हटलं, आहे, पाणी बिघडलं होतं, आता सुधारतोय. त्या हसल्या.

"पाणी कसलं? केवढा लढला गं तो. आम्ही दारात उभं राहून बघितलं. दुसरा तर संध्याकाळपर्यंत मेलाच म्हणे."

मला आधी समजलंच नाही. मग त्यांनी सगळं सांगितलं, अगदी कौतुकाने. गणपतीतली दुपार, आरती झालेली, पत्ते खेळून कंटाळा आलेला. पलीकडच्या चाळीतल्या कुणीतरी पैज लावली की आमचा फायटर भारी. समोरचा म्हणाला, आमच्याकडे आहे की, मोठ्या टाकीतला. पलीकडची माणसं आपला मासा घेऊन आमच्याच खोलीत आली आणि तो आमच्या टाकीत सोडला. टाकी मोठी, आत लाइट, बघायला मजा. खुर्च्या लावल्या होत्या. आईने चहा केला होता.

हातातली पारी मी तशीच परातीत टाकली. पिठाचे हात घेऊन मी घरात गेले आणि आईसमोर उभी राहिले. काकूंचं बोलणं तिला आत ऐकू गेलं होतं. आई माझ्याकडे न बघता बोलायला लागली. गणपतीत वाईट काही गावाला कळवायचं नसतं, म्हणून आधी सांगितलं नाही. आल्यावर सांगायचं होतं, पण त्याने आधीच पाण्याचं सांगितलं, मग तिने कसं तोंड उघडायचं. मग मी म्हटलं, पण तू त्यांना आत घेतलंसच का. आईच्या डोळ्यांत पाणी आलं.

"घरात माणसां इली गो. गणपतीत मी एकटीच बसलेलंय. माका बरा वाटला."

आरशावर साडी टाकली म्हणून कुरकुर करणारी माझी आई, साडीखाली शिरून वेणी घालणारी, ती तिथेच पलंगावर बसून बघत होती. ज्या माशाला खोटा शत्रू दिसू नये म्हणून तिने आरसा सोडला, त्याच्या अंगावर खरा सोडला तेव्हा ती चहा गाळत होती. मी तिच्यावर ओरडले नाही. खूप दिवसांनी मला ओरडावंसं वाटत होतं आणि तिच्यावर ओरडता येत नव्हतं.

समोरच्याकडे मी लगेच गेले नाही. गेले असते तर दारात तमाशा झाला असता, आणि त्या तमाशाला पुन्हा तेच प्रेक्षक जमले असते. मी टाकीजवळ बसून राहिले. मला माशाच्या भांडणाचा इतका राग आला नव्हता जितका त्या बादल्यांचा आला होता. त्या दुपारी त्याचं डोकं फिरलं असेल, चार लोकांत फुशारकी मारली असेल, तेवढं मी समजू शकले असते. पण नंतर रोज, बादली उचलताना रोज, त्याला माहीत होतं. मी झाड उपटत होते तेव्हा त्याने टॉर्च धरला होता. मी करवंटी फेकायला निघाले तेव्हा तीही त्यानेच माझ्या हातातून घेऊन कचऱ्यात टाकली होती.

भाऊबीजेला तो आला, दरवर्षीसारखा. नवा शर्ट, हातात मिठाईचा पुडा. आईने पाट मांडला होता, मी तबक तयार केलं होतं, कारण ते न करण्याची मला सवय नव्हती. तो पाटावर बसला. मी निरांजन लावलं आणि विचारलं, पाणी बिघडलं होतं ना रे. एवढंच. त्याचा चेहरा पडला. त्याने आईकडे पाहिलं, आई काठीच्या मुठीकडे बघत होती.

तो म्हणाला, तुला वाईट वाटलं असतं. मग म्हणाला, दोन मिनिटांची मजा, मी लगेच दोघांना वेगळं केलं, माझ्या बोटाला चावला तो. शेवटी म्हणाला, "तू रोज टेस्ट करत होतीस ना. मला वाटलं, तुला कळेलच की पाणी चांगलं आहे."

मी हातात निरांजन धरून उभी होते. त्याचं म्हणणं बरोबर होतं. रंग रोज पिवळा येत होता. लोकांना मी दिवसभर सांगते की रिपोर्टवर विश्वास ठेवा, शेजाऱ्यापाजाऱ्यांचं ऐकू नका. आणि मी स्वतः नळीतला रंग डोळ्यांनी बघूनही याच्या तोंडाकडे पाहत राहिले. मी त्याला हेच सांगितलं. म्हटलं, मी पाण्यापेक्षा तुझ्यावर विश्वास ठेवला, माशाचं राहू दे, तू मला का खोटं पाडलंस. तो म्हणाला, एकदा तोंडातून निघून गेलं, मग परत घेता येईना. ते खरं असणार. मला त्याचा उपयोग नव्हता.

तो टाकीकडे वळला. पाटावर बसल्या बसल्या त्याचा हात काचेपर्यंत पोचत होता. त्याने सवयीने बोट लावलं. मासा पानावर पडलेला होता. तो उठला, नव्या शेपटीचा पंखा पसरून सरळ पुढे आला आणि त्याच्या बोटामागे डावीकडे गेला, उजवीकडे गेला, वर आला, खाली आला. गणपतीपासून तो कुणाच्याही बोटाकडे आला नव्हता. माझ्या तर नाहीच. माझ्या ड्युटीच्या संध्याकाळी दाणे कोण घालत होतं ते मला आठवलं, पण आठवून काय उपयोग. ज्याने त्याला फाडून घेतलं त्याच्याकडेच तो नाचत गेला आणि मी, जिने त्याच्यासाठी घर उलटंपालटं केलं, ती बाजूला उभी. माशाला राग धरता येत नाही हे मला माहीत आहे. तरी त्या क्षणी मला त्याचाही राग आला.

त्याला वाटलं, आता सगळं ठीक झालं. माशाने माफ केलं म्हणजे मीही केलं. तो हसला आणि दरवर्षी विचारतो तसं विचारलं, काय देऊ ओवाळणी, बोल.

मी त्याला कुंकू लावलं, अक्षता लावल्या, ओवाळलं. मग तबक त्याच्यासमोर धरलं.

"आमची किल्ली दे," मी म्हटलं.

तो आधी हसला. मी तबक खाली केलं नाही. आईने एकदा माझं नाव घेतलं, हलक्या आवाजात. तो उठला, समोर गेला, दारामागच्या खिळ्यावरून किल्ली काढून आणली आणि तबकात सुपारीच्या शेजारी ठेवली. तिला बांधलेला लाल दोरा पार विटलेला होता, तो आमच्या कुठल्यातरी जुन्या राखीचाच असावा. मिठाईचा पुडा पाटाजवळ तसाच राहिला.

त्या संध्याकाळी मी मागच्या अंगणातून बदामाची पानं वेचून आणली. नवीन करवंटी घासून, उकळून आत ठेवली. पाणी तपासलं नाही. आईला म्हटलं, आरशावरची साडी हवी तर काढ. ती म्हणाली, राहू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आईची औषधं घेऊन आला. मी टाकीसमोर बसले होते, आई चहा घेत होती, दार सताड उघडं होतं. तो उंबऱ्याबाहेर थांबला आणि त्याने उघड्या दारावर दोनदा टकटक केलं.